कादंबरीतल्या शिरीषचं जेवण

नवापूरच्या नलूला कादंबऱ्यांचा नाद होता आणि तो तिनं कधी लपवला नाही. लपवणार तरी कुठे? मासळी सुकवायच्या मैदानावर, चार बायकांत बसून, समोर पाटावर पुस्तक उघडं ठेवून ती मोठ्यानं वाचायची. हात बोंबलांत, डोळे पुस्तकात. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी शेजारी टाकायची आणि वाक्य तुटू द्यायचं नाही, हे तिला असं काही जमलं होतं की बघत राहावं. पान उलटायची वेळ आली की त्या चौघींतली सुलू उलटायची, कारण सगळ्यांत कोरडे हात तिचे असत. नवापूरहून परत आलेलं पुस्तक बोईसरच्या लायब्ररीत वासावरून ओळखू यायचं. लायब्ररीवाले तात्या नाक मुरडायचे, पण नलूइतकं लवकर पुस्तक परत करणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडे दुसरं नव्हतं.

नलू नववीपर्यंत शिकली ती पालघरला मामाकडे राहून. मामाच्या शेजारी एक शिक्षिका राहायच्या, त्यांच्या कपाटातून तिला ही चटक लागली. आधी कॉलेजातल्या पोरापोरींच्या गोष्टी, मग बदलून आलेल्या डॉक्टरांच्या, आणि मग ज्यांच्या मुखपृष्ठावर चंद्र, बंगला आणि केस सोडलेली बाई असते त्या. लग्न होऊन नवापूरला आली तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या घडीत एक कादंबरी होती. सासूनं, म्हणजे वत्सलानं, ती उचलून उलटीपालटी करून पाहिली.

"यात काय हाय?"

"गोष्ट हाय, आय."

"खरी का खोटी?"

"खोटी."

"मंग वाचतेस कशाला?"

याचं उत्तर भल्याभल्यांना सुचत नाही, तर तिला कुठून सुचणार. वत्सलानं पुस्तक पुन्हा साड्यांत ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून, बायकांत वाचन सुरू झालं की, ती जरा लांब पाठ करून बसायला लागली. पाठ करून बसायची, पण उठून मात्र कधी जायची नाही.

नलूचा नवरा कमलाकांत. माणूस चांगला होता. कादंबरीतल्या नायकांसारखा नव्हता, पण तसे पुरुष नवापुरात काय, अख्ख्या पालघर तालुक्यात नव्हते, हे नलूला लग्नाआधीच कळून चुकलं होतं. तो हसरा होता, बायकोच्या पुस्तकांना हसायचा आणि झोपायच्या आधी पुढे काय झालं ते विचारायचा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो गेला. जाळ्याचा दोर ओढताना पाय अडकला आणि बोटीवरून खाली पडला. बरोबरच्यांनी शोधलं, मग आजूबाजूच्या गावांच्या बोटी शोधायला गेल्या. समुद्रानं त्याला परत दिलं नाही.

अशा वेळी नवापुरात दर्भाचा पुतळा करतात, किनाऱ्यावर त्याला अग्नी देतात आणि पुढचं दहावं-तेरावं रीतीप्रमाणे होतं. पण पुतळा करायला घरच्यांचा होकार लागतो. कमलाकांताला बाप नव्हता, भाऊ नव्हता. होती ती आई, आणि आईनं होकार दिला नाही.

"माजा पोरगा पोहणारा हाय," वत्सला म्हणाली. "कुटच्या तरी मोठ्या बोटीनं उचलला असल. गुजरातेत असल. येल."

याला तीन वर्षं झाली. सांगायला आलेली माणसं सांगून थकली. वत्सलाची नणंद शकू हिनं एकदा धीर करून पुतळ्याचा विषय काढला, तर वत्सला तिच्याशी पुढची होळी येईपर्यंत बोलली नाही. या सगळ्यात नलू ना धड सवाष्ण ना धड विधवा. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. हळदीकुंकवाला बायका बोलवायच्या, पण नलूच्या हातून कुंकू लावून घ्यायची पाळी आली की कुणाला तरी चुलीवरचं दूध आठवायचं.

आणि आता जवळच्या मुरबे गावचा नामदेव मध्ये आला होता. नामदेव बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. नवापूरच्या बंदरावर त्याचं येणंजाणं असायचं, आणि नलूनं त्याच्यात पाहिलं ते एवढंच, की इंजिन खोलून झालं की तो आधी रॉकेलनं हात धुतो, मग साबणानं धुतो, आणि मगच चहाच्या कपाला हात लावतो. एवढ्यावर तिचं मन बसलं. कादंबरीत नायकाच्या अंगाला मोगऱ्याचा वास येतो. नामदेवाच्या अंगाला डिझेलचा यायचा, आणि नलूला तो चालत होता. इतकी पुस्तकं वाचून अक्कल गेली नव्हती, असं म्हणायला हरकत नाही.

नामदेवानं नलूच्या बापाकडे निरोप पाठवला होता. नलूशी पाट लावायला, दुसरं लग्न करायला मी तयार आहे, पण घरचे थांबायला तयार नाहीत, दसऱ्याच्या आत काय ते कळवा. पाट लागायचा तर आधीचा नवरा गेला हे कबूल व्हायला हवं, आणि ते कबूल करायचं वत्सलानं. बाप म्हणाला, तूच सासूशी बोल. नलूनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. 'तुमचा मुलगा मेला' हे वाक्य वत्सलाच्या तोंडावर म्हणायचं तिच्या जिवावर यायचं. भीती होतीच, पण त्याहून जास्त माया होती. त्या घरात दोघीच उरल्या होत्या, आणि या तीन वर्षांत वत्सलानं स्वतः कमी खाऊन नलूला पोटभर वाढलं होतं.

ते सत्त्याऐंशी साल होतं. पाऊस लवकर उघडला, म्हणून पितृपक्षातच सुकवणं सुरू झालं. नलू बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन जायची. कारखान्यातले भय्ये कामगार 'ताज़ा है क्या' विचारत घासाघीस करायचे, ती त्यांना त्यांच्याच हिंदीत गप्प करायची, आणि टोपली रिकामी झाली की तात्यांकडे. एवढंसं दुकान, पुस्तकं खाकी कागदात गुंडाळलेली, पाठीवर नंबर. नावं बघायची सोय नव्हती, तात्या देतील ते घ्यायचं.

"हे घे," तात्या म्हणाले. "भुताचं प्रेम आहे. कॉलनीतल्या बायका टपून बसल्यात, पण तुला आधी देतो."

भुताचं प्रेम असं होतं. मृणाल नावाची मुलगी, वय वीस, थंड हवेच्या ठिकाणी आपल्या मावशीच्या बंगल्यात राहायला येते. तिथे धुक्यातून एक देखणा तरुण येतो, शिरीष. पांढरा स्वेटर, उदास डोळे. दोघांचं जमतं. मग कळतं की शिरीष वर्षापूर्वी मोटार दरीत कोसळून मेलाय आणि त्याचं प्रेत सापडलेलं नाही. मृणालला त्याचं काही वाटत नाही. उलट तिचं प्रेम वाढतं.

नलूला वाचतानाच कळलं की हे पुस्तक आपल्या घरच्या दुखण्यावर बोट ठेवणार. पण तोवर दोन प्रकरणं वाचून झाली होती, आणि सुरू केलेलं पुस्तक नवापूरच्या बायका अर्ध्यावर सोडू देत नसत.

बायकांना शिरीषबद्दल माहिती हवी होती, आणि लेखकानं ती दिली नव्हती.

"त्याचे पाय उलटे हायत का सुलटे?" सुलूनं विचारलं.

"लिवलेलं नाय," नलू म्हणाली.

"असा कसा नाय लिवला? डोळ्यांचा चार वेळा लिवतोय आणि पायांचा एकदाबी नाय?"

"धुक्यात दिसत नसतील," शकू म्हणाली. ती म्हातारी समजूतदार होती. "पन मला सांग, भूत झाल्यावर स्वेटर कशाला? थंडी वाजते त्याला?"

"मेला तवा अंगात होता तो राहिला असल," सुलूनंच तोड काढली. आणि स्वेटरचा प्रश्न मिटला.

सगळ्यांत अवघड प्रश्न वत्सलानं विचारला. ती पाठ करूनच बसली होती, हात चालू होते, आणि तिनं मान न वळवता विचारलं, "त्याचा आयबाप हाय ना?"

"हायत, आय. पुन्याला हायत. मोठा बंगला हाय."

"आणि त्यांनी त्याचा काय केला नाय?"

उद्याचं प्रकरण नलू रात्री घरी चाळून ठेवायची, ते तिनं आठवून पाहिलं. शिरीषची आई एका प्रकरणात येत होती, रेशमी साडी नेसून पियानो वाजवत होती, आणि मुलाच्या फोटोला हार घालू देत नव्हती. 'माझा शिरीष परत येईल' असं म्हणत होती. नलू हे वाचणार होती उद्या. ती म्हणाली, "नाय केला."

दुसऱ्या दिवशी नलूनं ते प्रकरण वाचलं. पियानो काय असतो ते समजावून सांगितलं, रेशमी साडीचा रंग सांगितला, आणि 'माझा शिरीष परत येईल' हे वाक्य आलं तेव्हा ते जरा भरभर वाचून टाकलं. सुलूनं पान उलटलं नाही. ती वत्सलाकडे बघत होती. सगळ्याच बघत होत्या. वत्सलानं बोंबलाची जोडी अडकवली, शेजारी टाकली आणि म्हणाली, "पान उलट गो. झोपलीस का?"

कादंबरीचा शेवट नलूनं घरी आधीच वाचून घेतला. एकदम शेवटावर ती कधी जात नसे, पण या पुस्तकाची तिला धास्ती वाटायला लागली होती. शेवटी मृणाल धुक्यात शिरीषच्या मागे मागे कड्यापर्यंत जाते, तो हात पुढे करतो, ती हात देते आणि दरीत उडी घेते. मग धुक्यातून दोघं हातात हात घालून चालताना मावशीला दिसतात. लेखकानं याला अमर मीलन म्हटलं होतं आणि त्यापुढे तीन टिंबं दिली होती. नलूला आयुष्यात पहिल्यांदा एका पुस्तकाचा संताप आला. वीस वर्षांची पोर दरीत ढकलून हा बाबा टिंबं देतो.

शेवट बदलून वाचावा असं तिच्या मनात आलं. मृणाल घरी परतते, तिचं लग्न होतं, असं काहीतरी. कुणाला कळणार होतं? पण आजवर तिनं पुस्तकात नसलेला एक शब्दसुद्धा बायकांना वाचून दाखवला नव्हता. त्या बायकांना अक्षर येत नव्हतं, आणि नलू वाचते ते पुस्तकातलंच असतं हा त्यांचा विश्वास होता. तो मोडवेना. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी तिनं शेवट होता तसा वाचला.

वाचून झाल्यावर सुलूनं आणखी एक पान उलटून पाहिलं, ते कोरं होतं.

"मेली?" सुलूनं विचारलं.

"मेली."

"आणि हे चांगला म्हणून लिवलाय?"

"अमर मीलन म्हणून लिवलाय."

सुलूनं लेखकाच्या घराण्याचा उद्धार केला. तो इथे लिहिण्यासारखा नाही. शकूचं म्हणणं पडलं की मावशीचाच दोष, वयात आलेली पोर एकटी धुक्यात जाऊ दिली. मग वत्सला वळून बसली. इतक्या वर्षांत वाचनाच्या वेळी ती पहिल्यांदा तोंड करून बसली होती.

"त्यानं नेली तिला," ती म्हणाली. "उपाशी होता तो. आयबापानं पान वाढला नाय, पानी सोडला नाय. मेलेला माणूस उपाशी राहिला की घरातली बाई नेतो. त्यात त्याचा दोष नाय. त्याला जेवायला घातला असता तर पोर वाचली असती."

असा अर्थ त्या लेखकाच्या स्वप्नातही आला नसता. पण वत्सला बोलली ते बायकांना पटलं. पुस्तकात जे जे अडत होतं ते सगळं त्यानं सुटत होतं. तो का येत होता, का वाळत चालला होता, जाऊ दे जाऊ दे म्हणत हात का सोडत नव्हता. भूक, दुसरं काय. आणि हे बोलताना वत्सला नलूकडे बघत होती. तिच्या बांगड्यांकडे, तिच्या तरण्या अंगाकडे, आणि सासूची नजर नलूनं याआधी कधी पाहिली नव्हती इतकी घाबरलेली होती.

संध्याकाळी वत्सलानं जाहीर केलं की उद्या सर्वपित्रीला त्या शिरीषचं पान ठेवायचं. त्याचं कुणी नाही, तर आपण घालू. सर्वपित्री असतेच त्यासाठी, ज्याची तिथी माहीत नाही, ज्याला कुणी नाही, त्याला त्या दिवशी घालतात.

"अगो वयनी, तो गोष्टीतला हाय," शकू म्हणाली. "खोटा हाय."

"उपाशी तर हाय ना," वत्सला म्हणाली.

मला वाटतं, शकूला यावर वाद घालायचाही नव्हता. तीन वर्षं त्या घरासमोर सर्वपित्रीचं पान पडलं नव्हतं. जिवंत माणसाचं पान ठेवणं म्हणजे अभद्र, म्हणून वत्सलानं सासऱ्याचं, नवऱ्याचंसुद्धा बंद केलं होतं, न जाणो त्यांच्याबरोबर आणखी कुणी येऊन जेवून गेला तर. आता खोट्या माणसाच्या नावानं का होईना, चूल पेटणार होती. शकूनं दुसऱ्या दिवशी खिरीला नारळ आणून दिला.

सकाळी बेताची चर्चा झाली. सुलूचं म्हणणं, शिरीष पुण्याचा, बंगल्यातला, बहुतेक बामण असावा, मासळी चालायची नाही. वत्सला म्हणाली, "माज्या दारात येल तो माज्या घरचा खाईल." तिनं कुणाला चुलीपाशी येऊ दिलं नाही. नलूला केळीची पानं आणायला वाडीत पाठवलं.

नलू परत आली तेव्हा सगळं तयार होतं. वत्सलानं अंगणातल्या ओट्यावर पान मांडलं आणि एकेक वाढलं. भात, डाळ, वडे, खीर. शेजारी सुक्या जवळ्याची चटणी, कोथिंबीर न घातलेली. आणि पानाच्या कडेला, भाताच्या टोपाच्या बुडाची करपलेली खरपुडी, खरवडून काढलेली, वर मीठ भुरभुरलेली.

नलूनं ते पाहिलं आणि हातातली उरलेली पानं खाली ठेवली. खरपुडी कमलाकांत खायचा. तिच्यासाठी तो तेवढा बाप्या माणूस आईच्या पदराला धरून चुलीपाशी बसायचा, आणि कोथिंबिरीचं पान दिसलं तर चटणी बाजूला सारायचा. शिरीष काय खायचा हे पुस्तकात नव्हतं. तो फक्त कॉफी प्यायचा. शकूनंही पानाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

पान वाढून सगळ्या मागे सरल्या आणि वत्सलानं हाक दिली, "काव, काव." कावळ्यांना नवापुरात काय तोटा, माडावर पाचपन्नास बसले होते. पण एक खाली येईना. याचं कारण बायकांना कळत होतं, पण बोलून कोण दाखवणार? सुकत घातलेल्या मासळीवर राखण करत वत्सलानं सगळा जन्म याच कावळ्यांना दगड मारले होते. तिचा नेम गावात प्रसिद्ध होता. तिच्या अंगणात, तिच्या देखत, कुठला कावळा उतरतोय?

पण घास न शिवणं म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, हे सगळे धरून चालतात. मग त्याला शब्द द्यावा लागतो. तुझं राहिलेलं आम्ही करू, असं. शकू पुढे झाली, हात जोडले. "बाबा शिरीष, तुज्या आयबापाला आमी कळवू." कावळे हलले नाहीत. "तुजी मोटार वर काडू," सुलू म्हणाली. काहीच नाही. "तुज्या मावशीला," सुलूनं पुन्हा सुरुवात केली, मग तिला आठवलं की मावशी मृणालची होती, आणि ती थांबली.

ऊन डोक्यावर आलं होतं. वत्सला इतका वेळ उभी होती ती पानाजवळ गेली. तिनं हात जोडले नाहीत. चटणीवर माशी बसली होती ती हातानं उडवली आणि पानाकडे बघत, घरातल्या माणसाशी बोलावं तसं, हळू आवाजात बोलली.

"तू मागं बगू नको, बाला. घरची काळजी करू नको. मी हाय. नलूचा पाट मी लावून देते. मुरब्याचा नामदेव हाय, तो चांगला सांभाळील. तू खा आणि जा."

शिरीषचं नाव तिनं घेतलं नव्हतं, आणि कमलाकांताचंही घेतलं नव्हतं. मग ती वळली, कुणाकडेही न बघता घरात गेली आणि आतून म्हणाली, "शिवला की सांगा."

नलू रडली. तिला आवाज करायचा नव्हता, पण आवाज झाला. शकूनं तिला जवळ घेतलं. नामदेवाचं नाव सासूला ठाऊक आहे हे तिला आजच कळत होतं. ठाऊक असून म्हातारी इतके दिवस गप्प होती, आणि रात्री अंथरुणावर एकटीच हा हिशेब मांडत पडली असेल, हे मनात आलं आणि नलूला आणखी रडू आलं.

डोळे पुसून तिनं वर पाहिलं. कावळे तिथेच. वत्सला आत गेली तरी एकही उतरला नव्हता. शहाणी जात ती, म्हातारी दाराआड दगड घेऊन बसली असेल असंच त्यांना वाटत असणार. बायका थांबल्या. भात वाळायला लागला. घास शिवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही, आणि वत्सला कालपासून उपाशी होती.

"जा आणि सांग शिवला म्हणून," सुलू कुजबुजली. "कोन बगायला आलाय?"

"मी पन सांगते तसाच," शकू म्हणाली. आयुष्यात खोटं बोलण्याची तिची ही बहुधा पहिलीच तयारी होती. "पोरी, दसरा तोंडावर आलाय. नाय शिवला म्हणजे कमलाकांत जिता हाय, असा ती एकदा म्हणाली की संपला. मग ती कोनाचा ऐकायची नाय."

हे खरं होतं आणि नलूला ते त्यांच्याइतकंच कळत होतं. एका शब्दाचा प्रश्न होता. तिला तिच्या सगळ्या कादंबऱ्या आठवल्या. अशा वेळी त्यांत वारा सुटतो, दिवा फडफडतो, अंगावर फूल पडतं, काहीतरी खूण मिळतेच. इथे वाराही पडला होता. आत चुलीपाशी बसलेली बाई तिच्या तोंडून जे ऐकेल ते खरं मानणार होती, जसं मैदानावर मानत आली होती.

नलू आत गेली. वत्सला भिंतीला टेकून बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. एका दिवसात तिचं तोंड वाळून गेलं होतं.

"शिवला?"

"नाय, आय. अजून नाय शिवला."

मागून दाराशी आलेल्या सुलूनं कपाळावर हात मारला. वत्सलानं नलूकडे पाहिलं. मग भिंतीचा आधार घेऊन उठली, ताटं काढली आणि चुलीपुढे मांडली. एक आपलं आणि एक नलूचं.

"भटाला सांगावा धाड," ती म्हणाली. "पुतळ्याचा बगाया पायजे. तो झाल्यावर नामदेवाला बोलव."

"पन आय, कावळा..."

"मी काय कावळ्याला शब्द दिला?" वत्सला म्हणाली. "वाढ आता. भूक लागली."

नलूनं भात वाढला. बाहेर पान तसंच होतं, आणि आत दोघी जेवायला बसल्या.